सोळा कळ्यांचा फुगा

कारखान्याच्या दाराला कुलूप लागून एकोणीस दिवस झाले होते. विसाव्या दिवशी सकाळी मालक स्वतः मास्तरांच्या अंगणात येऊन उभा राहिला.

मास्तर म्हणजे कारखान्याचे जुने कापणारे. तीस वर्षं त्यांनी ताडपत्र्या कापल्या, तंबू कापले. डोळ्यांवर पडदा यायला लागला तसं मालकानं त्यांना घरी बसवलं, निरोपाचा चहासुद्धा पाजला नाही. पण त्याला अंगणात बघून मास्तर असे धडपडत उठले की पाण्याची बादली लवंडली.

"साहेब! अगं, खुर्ची आण, खुर्ची!"

घरात एकच खुर्ची होती, शिवणयंत्रापुढची. सुनेनं ती आणून ठेवली आणि दाराच्या आत उभी राहिली.

"मास्तर, एक खेळणं करायचंय," मालक म्हणाला. "माणसं बसवून आभाळात नेतात ते मोठे फुगे असतात ना, त्यांची कंपनी आहे. कापडाचं काम आपल्याला देतील. पण आधी छोटा करून दाखवा म्हणतात. गरम हवेवर उडाला पाहिजे. आजपासून बारा दिवस."

"कारखाना तर बंद आहे," सून आतून म्हणाली.

मालकानं तिच्याकडं पाहिलं नाही. कापडाचं गाठोडं आणि एक नकाशा मास्तरांच्या मांडीवर ठेवत म्हणाला, "घरी शिवायचा. कारखान्याचा काय संबंध? आणि उडाला, तर कापायचं टेबल तुमच्या सुनेचं. शब्द देतो."

मास्तरांनी गाठोडं पोटाशी धरलं. सून दारातच उभी राहिली, पण तिच्या कानात तेवढंच राहिलं. कापायचं टेबल. दहा वर्षं ती यंत्राच्या पायट्यावर पाय मारत होती. कंबर कामातून गेली होती, उजव्या अंगठ्यातून एकदा सुई आरपार गेली होती. कापणारा उभा राहून काम करतो. त्याच्या खांद्यावर मुकादम हात ठेवत नाही. त्याचं काम सगळ्यांसमोर तोंडावर फेकून कोणी म्हणत नाही, उसव आणि पुन्हा शिव.

कुलूप का लागलं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. दोऱ्याच्या बॉबिनी कमी भरायला लागल्या म्हणून मालकानं सुटीच्या वेळी दारावर झडती सुरू केली. आधी पिशव्या. मग खिसे. मग एक दिवस दारावरचा रखवालदार म्हणाला, अंबाडे सोडा, केसांत लपवता तुम्ही. बायकांनी सोडले. चार दिवस सोडले. पाचव्या दिवशी त्यानं केसांत बोटं घालून बघायला सुरुवात केली. तेव्हा मास्तरांची लेक, जिला सगळ्या अक्का म्हणायच्या, मागं सरकली आणि म्हणाली, "केस माझे आहेत. कारखान्याचे नाहीत." त्या दिवशी कोणीच झडती दिली नाही. बावीस बायका तशाच बाहेर पडल्या आणि दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप.

अक्का नवऱ्याला सोडून वडिलांकडं राहायला आलेली. तिचा भाऊ, म्हणजे सुनेचा नवरा, लांबच्या खाणीवर डंपर चालवायचा आणि दोन-दोन महिने घरी यायचा नाही. त्यामुळं घरात तीनच माणसं: सासरा, सून, नणंद. रोज सकाळी नणंद-भावजय भाकरी बांधून कारखान्याच्या दारासमोर जाऊन बसायच्या. त्या दिवशी नणंद एकटीच गेली होती. सुनेचं अंग दुखत होतं.

संध्याकाळी अक्का परतली तेव्हा खोलीभर कापड पसरलं होतं. पातळ, निसरडं, पिवळं.

"हे काय?"

"फुगा," सून म्हणाली.

"कोणाचा?"

"साहेबांचा."

अक्कानं कापडावर पाय पडू दिला नाही. भिंतीला पाठ घासत आत गेली, भांडी घासली आणि झोपली. एक अक्षर बोलली नाही.

सकाळी बोलली, पण बापाशी. "आबा, लाज आहे का काही?"

"कसली लाज? तीस वर्षं मी हात वर करून झडती दिली. झिजलो का?"

"तुमचे केस नाही सोडले कोणी."

"मला केस होतेच कुठं!" मास्तर आपल्याच टकलावर हात फिरवून हसले. दोघींपैकी कोणी हसलं नाही. अक्कानं चपला घातल्या. "वहिनी, येतेस?"

"वन्सं, आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"मी दिवस नाही विचारले."

ती गेली. सुनेनं कापडावर खडू टेकवला.

फुगा सोळा कळ्यांचा होता. कळी घागऱ्याची असते तशीच, पण वर टोकदार, पोटात रुंद आणि खाली पुन्हा निमुळती. दीड पुरुष लांबीची एकेक. मास्तरांनी नकाशावरून जुन्या वर्तमानपत्रांचा साचा केला. डोळ्यांना रेघ दिसत नव्हती म्हणून नाक कागदाला लावून, जणू हुंगतच. कातर त्यांचीच, हातभर लांब, मुठीवर त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडलेली. खडूची रेघ सून ओढायची, कातर मास्तर चालवायचे आणि सून त्यांचं मनगट धरून त्यांना रेघेवर ठेवायची. "मी चालवतोय ना?" ते मधूनच दटावायचे. "हो आबा, तुम्हीच चालवताय," ती म्हणायची आणि मनगट सोडायची नाही.

शिलाई तिची. पातळ कापड सुईखाली सरकायचं, पायाखालच्या दातांत ओढलं जायचं. तिनं खाली कागदाची पट्टी ठेवून शिवलं आणि मग कागद फाडून काढला. उन्हाळ्याचे दिवस. पत्रा डोक्यावर. पंखा लावला तर कापड उडायचं, म्हणून पंखा बंद. घाम कापडावर पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधलेलं. कारखान्यात शिकली होती तीच शिलाई तिनं घातली: कड दोनदा आत मुडपून, त्यावर बारीक टाक्यांच्या दोन रांगा, आणि वरून तंबूला मारतात ती पट्टी. मास्तर प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवायचे. त्यांना बोटानं दिसायचं.

"वा. थेंब शिरणार नाही."

पाच दिवसांत सोळा कळ्या जोडल्या. सहाव्या दिवशी पहाटे, वारा पडलेला असताना, अंगणात तीन दगडांची चूल मांडली, वर पत्र्याची नळी उभी केली. मास्तरांनी वाळक्या काटक्या घातल्या, धूर कमी आणि धग जास्त होईल अशा. सुनेनं फुग्याचं तोंड नळीवर धरलं. कापड आधी कण्हल्यासारखं हललं. मग एकेक कळी आतून सुटत गेली, पोट आलं, आणि बघता बघता अंगणात खोलीएवढं पिवळं काहीतरी उभं राहिलं. शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "बाई बाई, हे कोणाचं बाळंतपण?"

"सोड!" मास्तर ओरडले.

तिनं सोडलं. फुगा उभाच राहिला. वीतभर उचलला, डुलला, आणि गाभण म्हशीसारखा हळूच बसला. पुन्हा धग दिली. पुन्हा बसला. तिसऱ्या वेळी एका बाजूला कलंडला आणि सुनेनं ओरडून तो चुलीवरून ओढला.

"कापडच वाईट आहे," मास्तर म्हणाले. "मालकाला फसवलं कोणीतरी."

सुनेनं फुगा घडी करून दोन्ही हातांवर तोलला. मग उरलेल्या पट्टीची गुंडाळी उचलली. मग पुन्हा फुगा. ती पाटावर बसली आणि तिला रडायला आलं, पण रडली नाही.

"आबा, जड आपण केलाय."

"काय?"

"पट्टी. डबल शिलाई. मुडप. आपण पाणी आत जाऊ नये म्हणून शिवलं. ह्याच्यात पाणी कुठं आहे? हवा आहे."

"पट्टीशिवाय शिवण म्हणजे काय शिवण आहे? पहिल्या वाऱ्याला फाटेल."

"फाटू दे. आधी उडू तर दे."

"माझ्या हयातीत असलं काम ह्या घरातून गेलं नाही!"

तिनं ऐकलं नाही. तीन दिवस उसवत बसली. बारीक टाके घालायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट ते काढायला लागला. मान अवघडली, बोटांच्या टोकांना चिरा पडल्या. उसवल्यावर प्रत्येक कडेला सुईच्या भोकांच्या दोन रांगा राहिल्या, चाळणीसारख्या. ती भोकं घेऊन हवा धरणार नव्हती. कडा कापूनच टाकायला हव्या होत्या. सोळा कळ्या, दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं. आणि सरळ कापून चालणार नव्हतं, पोटाचा बाक राखायला हवा होता. त्याचा कागद नव्हता. तो नुसत्या अंदाजानं घ्यायचा होता.

मास्तरांनी कातर उचलली. सुनेनं हात पुढं केला.

"द्या."

"रेघ ओढ. मी कापतो."

"रेघ नाही, आबा. द्या इकडं."

मास्तरांनी कातर दिली नाही. तिनं ती घेतली. त्यांच्या बोटांतून, एकेक बोट सोडवून. ते तोंड फिरवून अंगणात जाऊन बसले, भर उन्हात, आणि कातरीचा आवाज ऐकत राहिले. संध्याकाळपर्यंत आत आले नाहीत.

नवी शिलाई पातळ दोऱ्याची हवी होती. तो दोरा कारखान्याच्या कोठारात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाची चिठ्ठी घेऊन ती गेली. दारासमोर, भिंतीच्या कडेला, पोती अंथरून बायका बसल्या होत्या. एकवीस जणी. ती जवळ आली तशा गप्पा थांबल्या. तिच्या शेजारच्या यंत्रावर बसणारी एक जाडी बाई होती, हसरी, ती तेवढी बोलली: "ये गं टेबलवाली." बाकीच्या हसल्या. अक्का हसली नाही. ती जमिनीकडं बघत होती.

रखवालदारानं मोठ्या दारातली छोटी दिंडी उघडून तिला आत घेतलं. मुकादमानं दोन रिळं दिली, वहीत तिचा अंगठा घेतला. तिला सही येत होती. तरी अंगठा. परत निघाली तेव्हा रखवालदार दिंडीत आडवा उभा राहिला.

"पिशवी."

तिनं दाखवली. दोन रिळं.

"अंबाडा."

"मी साहेबांच्या कामाला आलेय."

"सगळ्यांना एकच नियम."

दिंडी उघडी होती. बाहेरून एकवीस जणी बघत होत्या. ती म्हणू शकत होती, साहेबांना बोलव. ती रिळं त्याच्या तोंडावर फेकू शकत होती. तिनं दोन्ही हात मागं नेले आणि अंबाडा सोडला. केस खांद्यावर पडले. रखवालदारानं मानेपासून वरपर्यंत बोटं घातली, सावकाश, जणू उवा बघतोय. त्याच्या हाताला तंबाखूचा वास होता.

"जा."

ती बाहेर आली. कोणी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. जाडी बाई पोत्याचे दोरे काढत बसली. अक्का उठून दोन पावलं पुढं आली आणि मग तिथंच थांबली.

घरी मास्तर म्हणाले, "घेतली झडती? घेऊ दे. दोन मिनिटांचं काम."

सुनेनं न्हाणीत जाऊन केस धुतले. तासभर धूत होती. मग ओल्या केसांनीच यंत्रावर बसली. आता कड एकदाच मुडपायची, टाका लांब, एकच रांग. ही कच्ची शिलाई होती. कारखान्यात असली शिलाई मुकादम सगळ्यांसमोर टराटरा फाडायचा. तिनं ती सोळाही कळ्यांना घातली, आणि ती घालताना तिला पहिल्यांदा कळलं की लांब टाका सरळ ठेवणं हे बारीक टाक्यापेक्षा कठीण आहे. बारीक टाक्यात चूक लपते.

अकराव्या दिवशी पहाटे पुन्हा चूल मांडली. अक्का दात घासत ओट्यावर उभी होती. फुगा भरला, या वेळी भराभर. सुनेनं तोंड सैल केलं आणि तो हातातून वर ओढायला लागला. ते ओढणं तिच्या खांद्यापर्यंत गेलं. "आबा, ओढतोय!" ती ओरडली. "जिवंत आहे!" तेवढ्यात कुठूनशी झुळूक आली. फुगा चुलीवर वाकला. सुनेचे दोन हात पुरेनात, मास्तर भलत्याच बाजूला हात पसरून उभे. अक्कानं ओट्यावरून उडी मारली आणि दुसरी बाजू दोन्ही हातांनी धरली. ब्रश तोंडातच.

झुळूक गेली. दोघी समोरासमोर, मधे गरम हवेचं तोंड. अक्कानं ब्रश थुंकला.

"उडतोय की."

"हो."

"पोटाचा बाक कोणी काढला? आबांनी?"

"मी."

अक्कानं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. "कागद केलास ह्याचा?"

"नाही. हातानंच कापलं."

"मग ऐक. हा मालकाच्या हातात पडला की तो उसवणार. एकेक कळी कागदावर ठेवून साचा काढणार. मग कोणीही कापेल, कोणीही शिवेल. मग आम्ही कशाला? आणि तू तरी कशाला?"

"मला टेबल देणार म्हणालाय."

"देईल. आणि रोज संध्याकाळी दारात तुझा अंबाडा सोडील."

सुनेनं मान फिरवली. डोळ्यांत धग गेली होती. "तुम्हाला काय जातंय, वन्सं. तुमची कंबर अजून सरळ आहे."

"धर नीट," अक्का म्हणाली आणि हात सोडून चूळ भरायला गेली.

बाराव्या दिवशी सकाळी मास्तरांनी धुतलेला सदरा घातला. सुनेनं गाठोडं डोक्यावर घेतलं, चुलीची नळी काखेत. अक्का आधीच जाऊन बसली होती. रखवालदारानं मोठं दार उघडलं, कारण आत कंपनीची दोन माणसं आली होती आणि त्यांची गाडी दारात अडकली होती. मग ते उघडंच राहिलं. बायकांना आतलं अंगण दिसत होतं.

मालकानं मास्तरांचा हात धरून पाहुण्यांपुढं नेलं. "आमचे जुने कलावंत." मास्तर हसले, नको तिकडं बघत. सुनेची ओळख कोणी करून दिली नाही. ती काटक्या मांडत होती.

फुगा भरला. तिनं त्याच्या तोंडाला सुतळी बांधली आणि सोडला. तो कारखान्याच्या पत्र्याच्या उंचीवर गेला, तिथं थांबला, आणि सुतळी ताणून धरली. वरून ऊन आरपार आलं आणि सोळाच्या सोळा शिवणी काळ्या रेघांसारख्या दिसल्या. सरळ. एकही हललेली नाही. दाराबाहेर कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. पाहुण्यांतला एक टाळ्या वाजवायला लागला.

"शिलाई कुठली आहे ही?" दुसऱ्यानं विचारलं.

"आमच्याकडचीच," मालक म्हणाला. मग मुकादमाकडं वळला, आवाज न लपवता. सून दोन हातांच्या अंतरावर उभी होती, पण तिच्यापासून लपवावं असं त्याला वाटलं नाही. चुलीपासून कोण लपवतं? "उतरला की आत ने. आजच उसवून साचे काढ. आणि त्या बाहेरच्यांना सांग, सोमवारपासून दुसऱ्या गावच्या बायका येतायत. गाडी ठरली."

सुतळी सुनेच्या बोटांना दोन वेढे घालून होती. फुगा वर ओढत होता, काल ओढला तसाच, खांद्यापर्यंत. तिनं एक वेढा सोडला. मास्तर तिच्या शेजारीच होते. त्यांना दिसत नव्हतं, पण त्यांचं बोट सुतळीवर होतं, आणि त्यांना बोटानं दिसायचं.

"काय करतेस गं?" ते हळू म्हणाले.

तिनं दुसरा वेढा सोडला.

सुतळी मास्तरांच्या बोटाखालून सर्रकन गेली. फुगा एकदम उंच झाला, पत्र्यावरून पलीकडं, बाभळींवरून, उघड्या माळाकडं. पाहुणे हसायला लागले. त्यांना वाटलं हाही खेळच आहे.

"अगं, दोरी!" मालक ओरडला.

"निसटली," सून म्हणाली. मग म्हणाली, "नाही. सोडली."

रखवालदार मोटारसायकलवर टांग टाकून धावला. मालकाचं तोंड पाहुण्यांसमोर हसत होतं आणि मान लाल झाली होती. तो मास्तरांकडं वळला. "मास्तर, कागद आहे ना? तुम्ही पुन्हा कापाल ना?"

मास्तर उभे होते. बोटावर सुतळीचा लाल ओरखडा. त्यांना टेबल हवं होतं, सुनेसाठी नव्हे, स्वतःसाठी. रोज त्याच्या कडेला बसून कातरीचा आवाज ऐकायचा होता. हे सुनेला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"कागद जुना आहे, साहेब. त्या मापाचा उडत नाही," ते म्हणाले. "खरं माप हिच्या हातात आहे. हिला विचारा."

कोणी तिला विचारलं नाही. मुकादम पुढं आला तेवढा. "पिशवी दाखव. अंबाडा सोड."

"जे न्यायचं होतं ते वरून गेलं," ती म्हणाली. "तिकडं शोध." आणि त्याच्या बाजूनं चालत दाराबाहेर आली. चुलीची नळी आतच राहिली.

मास्तर तिच्या मागून आले, भिंत चाचपत. बायकांमधून गेले. अक्का उठायला लागली तसा त्यांनी हात झटकला. "मला रस्ता माहीत आहे." सुनेकडं तोंड न करता म्हणाले, "टाका चांगला बसला होता." आणि घराकडं निघाले, एका हातानं बोट दाबून धरत. त्यांना संध्याकाळी जेवायला कसं वाढायचं, आणि ते तिच्या हातचं घेतील का, हे तिला समजत नव्हतं.

ती बायकांसमोर उभी राहिली. ऊन वर आलं होतं. सोमवारी गाडी येणार हे तिनं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. जाडी बाईनं विचारलं, "किती वाजता?" सुनेला ते माहीत नव्हतं. कोणी शाबासकी दिली नाही, बसही म्हटलं नाही. पोत्यावर थोडी हालचाल झाली आणि दोघींच्या मधे हातभर जागा दिसली.

ती बसली. कंबर दुखत होती म्हणून मागं टेकायला गेली.

"टेकू नकोस," अक्का म्हणाली. "भिंत तापलीय. इकडं टेक." आणि आपला खांदा पुढं केला.